मदरबोर्डाची निवड : स्वस्ताईचा इतिहास व विवेक

(१)

मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, परीक्षा बरी गेली, आणि कबूल केल्याप्रमाणें आतां त्यास संगणक घेऊन द्यावयाचा. तोहि दुकानांतील तयार डबा नव्हे, तर एकेक भाग पारखून जोडलेला व खेळ खेळण्यास समर्थ असा, हा प्रसंग मध्यम स्थितीच्या कुटुंबांत आतां अपूर्व राहिलेला नाहीं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथें थोडा वेळ उभें राहिलें, तर असे पितापुत्र, क्वचित् मायलेकीहि, हातांत यादी घेऊन दुकानोदुकानीं हिंडतांना दिसतात. यादींतील बहुतेक नांवांचा अर्थ वडिलांनाहि अदमासानें कळतो. प्रोसेसर म्हणजे यंत्राचें डोकें. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरील दृश्यें रंगविणारा चितारी. मेमरी म्हणजे चालू काम पसरून ठेवण्याचें मेज. परंतु 'मदरबोर्ड' या ओळीपाशीं आलें म्हणजे गाडें अडतें. एकाच प्रोसेसरासाठीं एक बोर्ड पांच-सात हजारांना मिळतो, दुसरा त्याच्या दुप्पट किमतीस, तिसरा चौपट किमतीस. आणि तिघांचें काम काय, तर बाकीचे भाग एकमेकांस जोडणें! मग एवढी तफावत कशाची?

दुकानदारास विचारावें तर तो महाग बोर्डाची शिफारस करतो. मुलाच्या मित्रास विचारावें तर तो सर्वांत स्वस्त बोर्ड घ्या म्हणतो. दोघांच्याहि बोलण्यांत थोडें थोडें सत्य असतें, आणि म्हणूनच गोंधळ वाढतो. घरांत साठविलेली रक्कम तर ठराविक असते. एका भागावर अधिक खर्च केला कीं दुसऱ्यास तेवढी कात्री लागते. आमच्या मतें या कोड्याचें उत्तर किमतींच्या यादींत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधणें अधिक फलदायी आहे. मदरबोर्ड मुळांत स्वस्त कसा झाला हें ज्यास उमगलें, त्यास स्वस्त बोर्ड घेतांना कशावर पाणी सोडावें व कशावर सोडूं नये, हें निराळें शिकवावें लागत नाहीं. त्या इतिहासाचें थोडक्यांत दिग्दर्शन करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

'मदरबोर्ड' या शब्दांत आई आहे खरी. पण घरगुती संगणकाच्या आरंभकाळीं या बोर्डाकडे आईपण फारसें नव्हतें. तो केवळ एक रस्ता होता. इ. स. १९७५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या मुखपृष्ठावर 'आल्टेअर ८८००' नांवाच्या यंत्राचें चित्र झळकलें. न्यू मेक्सिको राज्यांतील अल्बुकर्क शहरीं एका लहानशा कंपनीनें तें तयार केलें होतें, आणि सुटे भाग मागवून घरीं जोडून घेणारास तें चारशें डॉलरांच्या आंत पडत असे. त्याच्या तळच्या पट्टीवर प्रोसेसर नव्हता, मेमरीहि नव्हती. शंभर तारांची एक समांतर रांग तेवढी होती. प्रोसेसर एका कार्डावर, मेमरी दुसऱ्यावर, आणि हीं सारीं कार्डें त्या रांगेवर उभीं खोंचावयाचीं, अशी ती रचना. ही शंभर तारांची व्यवस्था पुढें इतर कारखानदारांनींहि उचलली व 'एस-१००' या नांवानें ती ओळखली जाऊं लागली. एकानें बनविलेलें कार्ड दुसऱ्यानें बनविलेल्या यंत्रांत चालावें, ही सोय अशा रीतीनें हौशी सामान्य माणसाच्या हातीं आली.

दोन वर्षांनीं, १९७७ मध्यें, 'अॅपल टू' हा संगणक निघाला. त्याची रचना करणारे स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनीं प्रोसेसर, मेमरी व पडद्यावर चित्र उमटविणारी यंत्रणा हें सर्व एकाच बोर्डावर आणलें. येथून बोर्डास आईपण आलें असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याच बोर्डावर पुढें मागें नवीं कार्डें बसवितां यावींत म्हणून त्यांनीं आठ स्लॉट ठेवले. त्यांचे भागीदार स्टीव्ह जॉब्स यांचें म्हणणें होतें कीं, एक छपाईयंत्रासाठीं व एक टेलिफोनच्या तारेवर बोलणाऱ्या मोडेमसाठीं, असे दोन स्लॉट पुरेत. वॉझ्नियॅक आपल्या आठांवर अडून बसले आणि अखेर आठच राहिले. वाद दिसावयास लहान, पण अर्थानें मोठा. बोर्ड बनविणारानें ग्राहकाच्या उद्यांच्या गरजेसाठीं किती जागा मोकळी ठेवावी, हाच तो प्रश्न होता. आज स्वस्त बोर्डावर मेमरीचे दोन स्लॉट असतात व महाग बोर्डावर चार, तेव्हां त्याच जुन्या वादाचीं दोन उत्तरें आपल्यापुढें मांडलेलीं असतात.

(३)

परंतु आज आपल्या हातीं येणाऱ्या बोर्डाचा साक्षात् पूर्वज प्रकट झाला तो १२ ऑगस्ट १९८१ रोजीं. त्या दिवशीं आयबीएम या बलाढ्य कंपनीनें आपला 'पर्सनल काँप्युटर' जाहीर केला. फ्लॉरिडांतील बोका रॅटन येथील एका लहान गटानें, डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखालीं, सुमारें एका वर्षांत हें काम उरकलें होतें. वेळ अपुरा, म्हणून सारें घरींच बनविण्याचा कंपनीचा शिरस्ता त्यांनीं बाजूस ठेवला. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, आणि इतर भाग बहुधा बाजारांत कोणासहि मिळतील असेच निवडले. सर्वांत साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर होती. बोर्डावर पांच स्लॉट होते, आणि गणिताच्या साहाय्यक चिपेसाठीं एक सॉकेट मुद्दाम रिकामें ठेवलेलें होतें.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. यंत्राबरोबर आयबीएमनें एक तांत्रिक पुस्तक विक्रीस ठेवलें आणि त्यांत बोर्डाचीं विद्युत्-रेखाचित्रें सर्वांसमोर उघडीं केलीं. इतरांनीं आपल्या यंत्रास उपयोगी अशीं कार्डें बनवावींत, हा त्यांतील हेतु. इतरांनीं तीं बनविलींच. पण पुढें त्यांनीं संपूर्ण यंत्रच बनविलें! मार्गांत अडसर काय तो एकच होता. यंत्र जागें होतांच जो मूळ कार्यक्रम प्रथम चालतो, त्यास बायोस म्हणतात. तो पुस्तकांत छापलेला असला तरी त्यावर आयबीएमचा लेखाधिकार होता. त्याची नक्कल करणें म्हणजे न्यायालयाची पायरी चढणें.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी सोडून आलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस व बिल मर्टो या तिघांनीं १९८२ मध्यें 'कॉम्पॅक' कंपनी स्थापन केली, आणि हा अडसर मोठ्या युक्तीनें दूर केला. एका गटानें मूळ बायोस अभ्यासून तो काय काय करतो याचें केवळ वर्णन लिहावें. आणि ज्यांनीं मूळ लिखाण डोळ्यांनीं पाहिलेंहि नाहीं अशा दुसऱ्या गटानें त्या वर्णनावरून अगदीं नवा बायोस रचावा, अशी ती योजना. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत त्यांचें यंत्र जाहीर झालें. पुढें १९८४ पासून फीनिक्स कंपनी याच रीतीनें रचलेला बायोस मागेल त्या कारखानदारास विकूं लागली. अशा रीतीनें मदरबोर्ड ही एका कंपनीची खासगी मालमत्ता न राहतां बाजारांतील एक जिन्नस झाली, आणि जिन्नस झाली म्हणूनच स्पर्धेनें तिची किंमत उतरत गेली.

आयबीएमला आपली चूक (कंपनीच्या दृष्टीनें ती चूकच!) उमगली. १९८७ च्या एप्रिलमध्यें तिनें 'पीएस/२' हीं नवीं यंत्रें आणलीं व त्यांत 'मायक्रो चॅनेल' नांवाची नवी स्लॉटव्यवस्था घातली. व्यवस्था तांत्रिक दृष्ट्या जुनीपेक्षां सरस होती. पण ती वापरणारास परवाना घेऊन शुल्क भरावें लागे. तेव्हां १९८८ च्या सप्टेंबरांत कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या व जुन्या कार्डांना सामावून घेणारी आपली निराळी व्यवस्था त्यांनीं जाहीर केली. बाजार मायक्रो चॅनेलकडे वळला नाहीं. सरस पण कुलुपांत बंद असलेल्या वस्तूपेक्षां साधी पण उघडी वस्तु ग्राहकांस अधिक प्रिय झाली.

(४)

यापुढील प्रकरण तैवान बेटावर घडतें. आरंभीच्या बोर्डावर बारीकसारीक चिपांची दाटी असे. अमेरिकेंतील 'चिप्स अँड टेक्नॉलॉजीज' या कंपनीनें त्यांतील पुष्कळांचें काम मोजक्या चिपांत सामावून दाखविलें, आणि 'चिपसेट' हा शब्द रूढ झाला. चिपांची संख्या घटली, बोर्डाचा आकार आटोपशीर झाला, रचनेचें कामहि सोपें झालें. मोठा कारखाना नसलेल्यासहि आतां बोर्ड बनवितां येऊं लागला. गिगाबाइट व एमएसआय या तैवानी कंपन्या १९८६ मध्यें निघाल्या. एसर कंपनींतून बाहेर पडलेल्या चार इंजिनियरांनीं १९८९ मध्यें आसूस स्थापन केली. आणि केवळ स्वस्त बोर्डांकडे लक्ष देण्याकरितां २००२ मध्यें आसूसमधूनच अॅझरॉक ही शाखा फुटली. आजच्या दुकानांतील फळीवर जीं नांवें दिसतात, तीं बहुतेक हींच होत.

या पसाऱ्यास शिस्त लावली ती १९९५ मध्यें इंटेलनें जाहीर केलेल्या 'एटीएक्स' या मापानें. बोर्डाची लांबी-रुंदी ३०५ व २४४ मिलिमीटर, स्क्रूंच्या जागा, मागच्या बाजूच्या खोबणींचें स्थान, वीज देणाऱ्या जोडाचा आकार, असें सर्व त्यांत ठरवून दिलेलें होतें. १९९७ मध्यें त्याचेंच लहान रूप, बाजूस २४४ मिलिमीटरांचा चौरस, असें 'मायक्रो-एटीएक्स' निघालें. आजचे स्वस्त बोर्ड बहुधा याच मापाचे असतात. हीं मापें इतकीं टिकलीं कीं, एका कंपनीचा डबा, दुसरीचा वीजपुरवठा व तिसरीचा बोर्ड एकत्र नांदतात, आणि याचें कोणास आश्चर्यहि वाटत नाहीं.

याच ओघाचा एक फांटा आपल्याकडे आला. १९८४ च्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें संगणकविषयक नवें धोरण जाहीर करून आयातीचे निर्बंध बरेच सैल केले. पुढें लॅमिंग्टन रोडसारख्या रेडिओच्या सुट्या भागांसाठीं प्रसिद्ध असलेल्या बाजारांत बोर्ड, प्रोसेसर व मेमरी सुटीं मिळूं लागलीं. आणि 'असेंबल्ड' हा शब्द मराठी घरांत शिरला. तयार यंत्र ज्यांच्या आवांक्याबाहेर होतें, अशा कित्येक कुटुंबांत पहिला संगणक आला तो या मार्गानें.

या साऱ्याचा पहिला बोध स्पष्ट आहे. स्वस्त बोर्ड घ्यावा, पण तो सर्वमान्य मापाचा असावा. मोठ्या कंपन्यांच्या कांहीं तयार यंत्रांत बोर्डाचा आकार व विजेचा जोड मुद्दाम निराळा ठेवलेला असतो. असें यंत्र घेतांना स्वस्त पडतें. परंतु चार वर्षांनीं त्याचा बोर्ड बिघडला, तर त्या जागीं बाजारांतील कोणताहि दुसरा बसत नाहीं, आणि त्या वेळीं आधीं वांचलेले पैसे व्याजासह परत द्यावे लागतात.

(५)

स्वस्त बोर्डाच्या इतिहासांतील अत्यंत रम्य प्रकरण १९९८ चें आहे. त्या वर्षीं एप्रिलमध्यें इंटेलनें 'सेलेरॉन' नांवाचा हलक्या किमतीचा प्रोसेसर आणला. त्यांत दुय्यम कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशीं असणारी जलद स्मृति, मुळींच नव्हती, आणि जाणत्यांनीं त्याचा उपहास केला. ऑगस्टांत 'सेलेरॉन ३००ए' हें सुधारलेलें रूप आलें. त्यांत १२८ किलोबाइटांची कॅश प्रोसेसरच्या अंगांतच बसविलेली असून ती त्याच्या पूर्ण वेगानें चाले. किंमत दीडशें डॉलरांच्या आसपास. त्याच सुमारास आलेला ४५० मेगाहर्ट्झचा 'पेंटियम टू' साडेसहाशें डॉलरांहून अधिक किमतीचा होता.

आतां गंमत पाहा. बोर्ड सेकंदास ठराविक ठोके देतो, आणि प्रोसेसर त्यांस एका आंकड्यानें गुणून आपला वेग गांठतो. सेलेरॉनचा गुणक साडेचार होता, व तो कंपनीनें कुलुपबंद केलेला होता. बोर्डाचे ठोके ६६ दशलक्ष. गुणाकार सुमारें ३००. परंतु त्या काळचा '४४०बीएक्स' हा चिपसेट शंभर दशलक्ष ठोक्यांसाठींच बनविलेला होता. शंभरास साडेचारांनीं गुणलें कीं ४५०! अबिट कंपनीच्या 'बीएच६' या बोर्डावर हा बदल करण्यासाठीं डबा उघडून बारीक टोप्या हलविण्याचीहि जरूरी नसे. बायोसच्या पडद्यावर आंकडा बदलला कीं काम झालें. प्रत्येक सेलेरॉन हा भार सोशीच असें नव्हे. पण पुष्कळांनीं सोसला, आणि खेळांत दीडशें डॉलरांचें यंत्र साडेसहाशें डॉलरांच्या यंत्राच्या पंक्तीस जाऊन बसलें.

या कथेचा बोध लोक बहुधा चुकीचा घेतात. चांगल्या बोर्डानें यंत्राचा वेग वाढतो, असें ते म्हणतात. वस्तुतः वेग त्या प्रोसेसरच्या अंगींच होता. बोर्डानें त्यास मोकळीक दिली, एवढेंच. आपण जी मोकळीक वापरणार आहों तिचेच पैसे बोर्डापायीं द्यावेत. १९९८ मध्यें ती मोकळीक जवळजवळ फुकट मिळाली, पण पुढें दार लोटलें गेलें. १९११ चा काळ असता तर कोणी सनद मागितली असती. २०११ च्या जानेवारीपासून इंटेलनें ठोक्यांची सारी व्यवस्था एकाच सूत्रांत अशी बांधली कीं, ठोके वाढवून वेग साधण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. तेव्हांपासून गुणक मोकळा असलेले मोजकेच प्रोसेसर व त्यांस मान्य असलेले महाग चिपसेट एवढ्यांपुरतीच ही सवलत सामान्यतः उरली. एएमडीच्या बाजूस 'बी' वर्गाच्या मध्यम किमतीच्या बोर्डांवरहि ती मिळते, 'ए' वर्गाच्या अगदीं स्वस्त बोर्डांवर मिळत नाहीं. तेव्हां कुलुपबंद प्रोसेसरासाठीं वेग वाढविण्याची सोय असलेला महाग बोर्ड घेणें म्हणजे ज्या घरांत गाय नाहीं त्या घरीं गोठा बांधणें होय.

(६)

यानंतरचें प्रकरण दुःखद आहे. १९९९ च्या सुमारास सुरू होऊन पुढें कित्येक वर्षें जगभर मदरबोर्ड अकालीं मरूं लागले. बोर्डावर विजेचा प्रवाह संथ ठेवण्यासाठीं कपॅसिटर नांवाचीं लहान नळकांडीं असतात. त्यांच्या आंतील द्रवाची घटना सदोष असल्यामुळें तीं फुगत, माथ्याशीं फुटत, आणि तपकिरी रस ओघळे. वरून पाहतां बोर्ड नवाच. पण यंत्र अध्येंमध्यें बंद पडे व एके दिवशीं जागें होईनासें होई. क्षुल्लक किमतीच्या वस्तूनें हजारोंचें यंत्र निकामी केलें. या अनुभवानंतर द्रव नसलेले घन कपॅसिटर वापरण्याकडे कारखानदारांचा कल झाला, आणि कांहीं काळ तर ते जाहिरातीचेंच भूषण बनले.

याच सुमारास आणखी एक स्थित्यंतर झालें, तें कोणाच्या फारसें लक्षांत आलें नाहीं. पूर्वी मेमरीशीं बोलण्याचें काम बोर्डावरील चिपसेट करी. त्यामुळें प्रोसेसर तोच असला तरी चांगल्या व वाईट बोर्डांत खेळाचा वेग खरोखरच कमीजास्त होई. एएमडीनें २००३ च्या 'अॅथलॉन ६४' मध्यें हें काम प्रोसेसरच्या पोटांत नेलें. इंटेलनें २००८ च्या 'कोअर आय७' मध्यें तेंच केलें. पुढें ग्राफिक्स कार्डाकडे जाणारी वाटहि प्रोसेसरांतूनच निघूं लागली. बोर्डाचें आईपण यामुळें बरेंच ओसरलें, आणि तो पुन्हां आल्टेअरच्या पट्टीप्रमाणें पुष्कळसा रस्ताच झाला.

या दोन घटना एकत्र वाचल्या म्हणजे निवडीचें मर्म हातीं येतें. आजचा स्वस्त बोर्ड, पुरेशी वीज व योग्य वेगाची मेमरी मिळाल्यास, खेळांत महाग बोर्डाच्या जवळजवळ बरोबरीनें चालतो. कारण वेगाचें काम आतां त्याच्याकडे राहिलेलेंच नाहीं. त्याच्याकडे राहिलें आहे तें वीज पुरविण्याचें व टिकण्याचें काम. वीजपुरवठ्याकडून बारा व्होल्टांनीं येणारा प्रवाह प्रोसेसरास सुमारें सव्वा व्होल्टावर लागतो. हें रूपांतर सॉकेटाभोंवतीं असलेली जी यंत्रणा करते, तीस व्यापारांत 'व्हीआरएम' म्हणतात. शंभर वॉट खाणारा प्रोसेसर सव्वा व्होल्टावर म्हणजे ऐंशी अँपिअर प्रवाह ओढतो! सर्वांत स्वस्त बोर्डावर ही यंत्रणा अपुरी असते, आणि तिच्यावर उष्णता वाहून नेणारें धातूचें आवरणहि बहुधा नसतें. मे महिन्याच्या दुपारीं, पंखा गरम हवाच ढकलीत असतां, अशा बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवून दोन तास खेळ चालविला, तर ती यंत्रणा तापते व प्रोसेसर आपण होऊन वेग उतरवितो. लुकलुकणारे दिवे, चिलखतासारखीं झांकणें, सोनेरी अक्षरें, हें सर्व सोडावें; सॉकेटाभोंवतींचें तें ओबडधोबड आवरण मात्र सोडूं नये.

(७)

शेवटचें प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत घडलें. एएमडीनें १,३३१ टांचण्यांचें 'एएम४' हें सॉकेट आणलें, आणि २०१७ च्या मार्चमध्यें त्यावर चालणारे 'रायझेन' प्रोसेसर निघाले. सॉकेट दीर्घकाळ तेंच ठेवूं, असें तेव्हांच सांगण्यांत आलें होतें. परंतु २०२० च्या मे महिन्यांत कंपनीनें जाहीर केलें कीं, पुढील पिढीचे प्रोसेसर जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहींत. बायोस सांठविणाऱ्या चिपेंत सर्वांसाठीं जागा पुरत नाहीं, हें कारण दाखविण्यांत आलें. ज्यांनीं या भरवशावरच मध्यम किमतीचे 'बी४५०' बोर्ड घेतले होते, त्यांनीं एकच गिल्ला केला, आणि दोन आठवड्यांच्या आंत कंपनीस आपला निर्णय फिरवावा लागला. २०२२ मध्यें तर ३०० मालिकेसहि मान्यता मिळाली. २०१७ मध्यें 'बी३५०' वर्गाचा साधा बोर्ड घेतलेल्या पुष्कळांनीं, पांच वर्षांनंतर केवळ बायोस नवा करून, त्याच बोर्डावर 'रायझेन ७ ५८००एक्स३डी' हा खेळांसाठीं नांवाजलेला प्रोसेसर बसविला. याच काळांत इंटेलचीं सॉकेटें अनेकदां बदललीं. २०१७ च्या अखेरीस तर टांचण्यांची संख्या १,१५१ हीच राहूनहि नव्या प्रोसेसरांसाठीं नवा बोर्ड घ्यावा लागला. इंटेलचे प्रोसेसर उत्तमच होते. पण बोर्डाचें आयुष्य टांचण्यांच्या संख्येवर ठरत नसून बनविणाऱ्याच्या इच्छेवर ठरतें, हें त्यावरून दिसून आलें. २०२२ मध्यें आलेलें 'एएम५' सॉकेट २०२७ पर्यंत व पुढेंहि चालवूं, असें एएमडीनें सांगितलें आहे. आश्वासन चांगलें आहे. मात्र मागील आश्वासन पाळलें गेलें तें ग्राहकांनीं आवाज उठविल्यामुळें, हें विसरूं नये.

अति काटकसर कोठें नडते याचाहि एक नमुना याच काळांतला. २०२२ च्या जानेवारींत 'रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी' हें स्वस्त ग्राफिक्स कार्ड निघालें. बोर्डाशीं बोलावयास त्यास चारच मार्गिका ठेवल्या होत्या. नव्या, चौथ्या पिढीच्या स्लॉटांत त्या निभावून जात. परंतु तिसऱ्या पिढीच्या स्लॉटांत प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा, त्यामुळें कांहीं खेळांत तें स्पष्ट मंद पडे. आणि हें कार्ड घेणार कोण, तर बहुधा जुना किंवा स्वस्त बोर्ड असलेलाच मनुष्य! दोन स्वस्त वस्तु एकमेकींस अनुरूप आहेत कीं नाहींत, हें पाहिल्यावांचून एकत्र आणल्या म्हणजे असा प्रसंग ओढवतो.

(८)

आतां पुन्हां दुकानाच्या पायरीवर येऊं. यादी हातांत आहे, रक्कम ठराविक आहे. प्रथम प्रोसेसर ठरवावा आणि त्याचें सॉकेट ज्यावर आहे असे बोर्ड वेगळे काढावेत. त्यांतून अनोळखी मापाचे वगळावेत. मग सॉकेटाभोंवतींच्या वीजयंत्रणेवर आवरण आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. ग्राफिक्स कार्डास कितव्या पिढीचा स्लॉट हवा हें मुलास विचारावें. त्यास तें ठाऊक असतेंच. मेमरीचे दोनच स्लॉट असतील, तर सोळा गिगाबाइटांची एक पट्टी न घेतां आठाच्या दोन घ्याव्यात, म्हणजे दोन्ही वाटांनीं काम चालतें. पुढें मेमरी वाढवावयाची झाल्यास मात्र त्या काढून टाकाव्या लागतील, हें मनांत असूं द्यावें. आणि दुकानदारास एक प्रश्न आवर्जून करावा : "या बोर्डांतील बायोस हा प्रोसेसर ओळखतो ना?" कारण बोर्ड वर्षभर फळीवर पडून असला व प्रोसेसर त्यानंतरचा असला, तर घरीं सारें जोडूनहि पडदा काळाच राहतो, आणि मुलाचा चेहरा त्याहून काळा पडतो. बायोस तेथेंच नवा करून मागावा. कॉम्पॅकच्या दोन गटांनीं ज्या कार्यक्रमासाठीं एवढा खटाटोप केला, तोच आजहि दाराशीं पहारा करीत बसलेला आहे.

एवढें पाहिल्यावर जो सर्वांत स्वस्त बोर्ड उरेल, तो निःशंक मनानें घ्यावा, आणि वांचलेले पैसे ग्राफिक्स कार्डावर घालावेत. खेळांतील आनंद बहुतांशीं तेथूनच येतो. चौपट किमतीचा बोर्ड घेणाऱ्याचा हेवा करण्याचें कारण नाहीं. त्याच्या यंत्रांत सोयी अधिक आहेत. वेग जवळजवळ तितकाच आहे.

या निवडीचें स्वातंत्र्य आपल्याला सहज मिळालेलें दिसतें. पण तें कोणी दान म्हणून दिलेलें नाहीं. १९८१ मध्यें एक पुस्तक उघडें राहिलें. तें मिटण्याचा प्रयत्न १९८७ मध्यें झाला, तसाच छोट्या प्रमाणावर २०२० मध्येंहि झाला. आणि दोन्ही वेळां खरीदणारांनीं तो मानला नाहीं. लॅमिंग्टन रोडवर हातांत यादी घेऊन उभा असलेला बाप त्या परंपरेचा वारस आहे, मग त्यास तें ठाऊक असो वा नसो. ठाऊक असेल, तर तो बोर्ड थोडा अधिक नीट पारखील, आणि घरीं परततांना रेल्वेच्या डब्यांत मुलास सांगण्यासारखी एक गोष्टहि त्याच्यापाशीं असेल.